आधी सही, मग सवाल

तुम्ही तिला विचारलं होतं का?

जिनिंग फॅक्टरीतली आग यमुनाबाईच्या बिडीमुळे लागली, असं ज्यांनी ज्यांनी छापलं त्यांना माझा एवढाच प्रश्न आहे. तिचं नाव छापलंत, वस्ती छापलीत, तिच्या तोंडी एक अख्खं वाक्य घातलंत. तेव्हा ती दवाखान्यात होती, उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. तिच्या खाटेशी जाऊन एकदा विचारायला काय झालं होतं? सायकल पंक्चर होती?

असो. रागानं सुरुवात करायची नाही असं मी ठरवलं होतं. मैत्रिणी म्हणतात, "कुंदा, तू किस्से सांगायला बसतेस आणि भाषण ठोकून उठतेस!" म्हणून आज फक्त किस्से.

लोक विचारतात, तुमच्याकडे इतके किस्से साठतात कसे? सोपं आहे. कुणाच्या घरी नुसतं बोलायला जा, काही घडत नाही. चहा येतो, गप्पा होतात, तुम्ही परत येता. पण बोलण्याआधी त्याच माणसापुढे सहीसाठी एक कागद ठेवून पाहा! पुढचं सगळं आपोआप घडतं.

आम्ही तिघं. वत्सलाताई नागपुरातल्याच इंदोऱ्याची, त्यांच्या घरातली पहिली वकील. शेषराव काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग, तो बी. एस्सी. करायला नागपूरला आला आणि अजून करतोच आहे. आणि मी, एम. ए. होऊन घरच्यांच्या डोक्याला ताप झालेली. आमचं 'पडताळा' नावाचं चार पानांचं पाक्षिक आहे. नागपूरच्या महाल भागात बबनमामांच्या छापखान्यात ते छापतो आणि सायकलवरून वाटतो. जिनिंगच्या आगीचा छडा लावायचा असं आम्ही ठरवलं, तेव्हाचे हे किस्से.

*

पहिला किस्सा वत्सलाताईच्या वडिलांचा, कारण तो कागद त्यांच्यामुळेच जन्माला आला.

ते कापड गिरणीत फिटर होते. एकदा टपरीवर चहा पिताना शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "मशिनी पार खिळखिळ्या झाल्या जी, एखाद्या दिवशी कोणाचा हात जाईल." शेजारचा माणूस बातमीदार होता. दुसऱ्या दिवशी ते वाक्य नावासकट छापून आलं. तिसऱ्या दिवशी ह्यांना ऑफिसात बोलावणं आलं. नोकरी कशीबशी वाचली, पण बढती कायमची गेली. वत्सलाताई तेव्हा मॅट्रिकला होती. ती त्या बातमीदाराला जाऊन भेटली. तो म्हणाला, "बोलले होते की नाही? मग?"

त्यानंतर वडिलांनी घराबाहेर तोंड उघडलं नाही. घरातही जपूनच. वत्सलाताईच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा पाहुण्यांनी विचारलं, "काय मामाजी, मुलीचा स्वभाव कसा आहे?"

मामाजींनी चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "तुमी पेपरात तर नाई ना जी?"

लग्न मोडलं. वत्सलाताई म्हणते, बरंच झालं!

वकील झाल्यावर तिनं पहिलं काम केलं ते हा मसुदा. "मी माझ्या मर्जीनं बोलत आहे. काय विचारणार आणि कुठे छापणार ते मला सांगितलं आहे. छापण्याआधी मला वाचून दाखवतील. माझा विचार बदलला तर मी हा कागद फाडीन, आणि मग यातलं काहीही छापलं जाणार नाही." खाली सही. मध्ये कार्बन घालून दोन प्रती. कार्बनची आमच्याकडे, आणि खरी शाईची बोलणाऱ्याकडे. हे शेवटचं महत्त्वाचं. कागदाचा मालक तो. त्यानं तो फाडला की आमची प्रतही फाडायची.

छापखान्याच्या भिंतीवर शेषरावनं खडूनं लिहून ठेवलं: आधी सही, मग सवाल.

*

मला विचाराल तर सुरुवातीला हा कागद म्हणजे मला शुद्ध वेळकाढूपणा वाटायचा. तिकडे आग लागून गेली, एका बाईच्या नावानं सगळीकडे बोंब चालली आहे, आणि आपण कार्बन पेपर सरळ करत बसायचं? माझं रक्त उकळायचं.

त्यात आमची पहिली सही मुकादमाची. बळीराम मुकादम म्हणजे जिनिंगमध्ये कापूस ओढणाऱ्या बायांवरचा माणूस. बायांचं म्हणणं असं, की शेडच्या दाराला कामाच्या वेळात बाहेरून कडी लावायचे, म्हणजे लेकराला पाजायला कुणी मध्येच घरी जाऊ नये. कडी मुकादमाच्या हातात. आग लागली तेव्हाही ती लावलेली होती. मागचा पत्रा उचकटून बाया बाहेर पडल्या, आणि तो तापलेला पत्रा धरून ठेवणारी होती यमुनाबाई. हात भाजला तो त्यात. फॅक्टरीचं म्हणणं होतं, दार सताड उघडं होतं आणि बिडी यमुनाबाईची होती.

मुकादम घरीच सापडला. शेषरावनं त्याला कागद वाचून दाखवला. त्यानं पुन्हा वाचायला लावला. मग स्वतः वाचला. मिशीवरून हात फिरवला, पेन मागितलं, आधी बाजूच्या वर्तमानपत्रावर सहीची तालीम केली आणि मग अशी झोकदार सही ठोकली की आम्ही बघतच राहिलो. म्हटलं, आता हा सगळं सांगणार!

मी विचारलं, "त्या दिवशी दाराला कडी कुणी लावली होती?"

मुकादम गप्प.

"दार उघडं होतं की बंद?"

मुकादम पंख्याकडे पाहतोय.

शेषराव कळवळून म्हणाला, "बळीरामभाऊ, बोला ना जी!"

मुकादम दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "हे पाहा, सही करा म्हटलं, केली. आता बोलाचंबी आहे काय?"

आमच्या फायलीतली सगळ्यात देखणी सही अजून त्याचीच आहे!

*

मग आम्ही वस्तीत गेलो.

आणीबाणीतली नसबंदीची सक्ती तेव्हा नुकतीच संपली होती. सरकार बदललं होतं. पण एखादं सरकार गेलं म्हणून त्यानं घातलेली भीती काही त्याच्यासोबत जात नाही, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नाही. रविवारची सकाळ. बाया-पुरुष सगळे घरी सापडतील म्हणून मुद्दाम रविवार धरलेला. तिघं सायकलवरून उतरलो. माझ्या खांद्याला झोळी, वत्सलाताईच्या हातात कागदांचा गठ्ठा, शेषराव दोन पेनं घेऊन पुढे. आणि हा गाढव मोठ्यांदा म्हणाला, "घाबरू नका! फक्त एक सही कराची आहे!"

बाप्पा! मी माणसं पळताना पाहिली आहेत, पण अशी नाही. एक जण आंघोळ करत होता, तो तसाच कुंपणावरून पलीकडे. दोन जण नाल्याच्या दिशेनं. पानठेलेवाला ठेला उघडा टाकून गेला. एका मिनिटात वस्तीत एकही पुरुष उरला नाही, आणि बाया दारादारांत पदर खोचून उभ्या.

उरला एकच म्हातारा. तो कौलं शाकारायला छपरावर चढला होता. पळायला जागा नाही! त्यानं आधी शिडी वर ओढून घेतली आणि तिथूनच ओरडला, "माह्यं झालं! माह्यं केव्हाच झालं!"

शेषराव खालून म्हणाला, "आजोबा, आमी ते नाई जी! आमी आगीचं विचाराले आलो!"

म्हातारा आणखी जोरात ओरडला, "तेबी विझलं!"

बाया इतक्या हसल्या की पुढचं सोपं झालं. त्यातलीच एक शांता. तीही आगीत शेडमध्ये होती. तिनं आम्हाला घरात बसवलं, कागद ऐकला, आणि तिसरीपर्यंत शिकलेल्या हातानं एकेक अक्षर कोरत सही केली. आणि बोलली. कडी लावलेली होती, ठिणगी मशीनच्या पट्ट्यातून उडाली, पत्रा यमुनाबाईनं धरला. सगळं!

परत येताना मी सायकल जवळजवळ उडवतच आणली.

*

एक बाजू मिळाली, आता सरकारी बाजू हवी. फॅक्टऱ्यांची तपासणी करणाऱ्या खात्यात एक साहेब होते. आगीचा कागदोपत्री निकाल त्यांच्याच टेबलावर लागायचा होता. माणूस वाईट नव्हता. चहा पाजला, आमच्या पाक्षिकाचं कौतुक केलं. फक्त त्यांना कुठल्याही कागदाला हात लावायची भीती वाटायची.

वत्सलाताईनं संमतीचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी तो दोन बोटांनी स्वतःकडे ओढला, कोपऱ्यात लिहिलं, "पाहिले. योग्य त्या अधिकाऱ्याकडे पाठवावे," खाली एक बारीकशी रेघोटी ओढली आणि घंटी वाजवली. शिपाई आला. किसनजी नावाचा, निवृत्तीला टेकलेला, फार गोड माणूस. त्यानं कागद उचलला, एका दारानं बाहेर नेला, बाहेर ठप्पा मारल्याचा आवाज आला, आणि दुसऱ्या दारानं आत येऊन त्यानं तो त्याच साहेबांपुढे ठेवला. योग्य ते अधिकारी तेच होते!

साहेबांनी नवीन कागद आल्यासारखा तो वाचला. म्हणाले, "लेखी कळवू."

कळवलं. टपालानं. "संमती देण्यास या कार्यालयाची हरकत नाही. मात्र संमती देण्याची या कार्यालयात तरतूद नाही."

मी ते पत्र घेऊन तावातावानं त्यांच्या ऑफिसात गेले. साहेब दौऱ्यावर होते. किसनजी बाकावर बसून सुपारी कातरत होता. मी पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "हे काय आहे? खाली धड सहीसुद्धा नाही!"

किसनजीनं शांतपणे ते पाहिलं. म्हणाला, "आमचे साहेब सही करत नाईत जी. माह्या पूर्ण नोकरीत म्या त्यायची पुरी सही पाहिली नाई. पगाराच्या कागदावरबी कोंबडीचा पाय काढतात."

*

आता यमुनाबाई.

ती दवाखान्यातून घरी आली होती. नोकरी गेली होती. फॅक्टरीनं पोलिसात तक्रार करायची धमकी दिली होती. आणि ह्या सगळ्यापेक्षा वाईट म्हणजे, शेडमध्ये भाजलेल्या एकीच्या सासूनं नळावर तिच्या बादलीत पाणी पडू दिलं नव्हतं. "आग लावणारी," म्हणाली. जिच्यामुळे सून वाचली तिला!

आम्ही गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. उजवा हात मांडीवर, बोटं आखडलेली. आम्हाला बसायला गोणपाट दिलं. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली. तिनं "बिडीमुळे" ऐकलं आणि तोंडातली तंबाखू बाजूला थुंकून म्हणाली, "मी तमाखू खाते वं माय. बिडी त आमच्या बुढ्यालेबी पिऊ देली नाई मी!"

शेषराव हसला. मीही हसले. वाटलं, झालं काम. वत्सलाताईनं पिशवीतून कागद काढला.

यमुनाबाईचा चेहरा एकदम बंद झाला.

"कागद असन त मी नाई बोलत."

"का?"

"नाई मंजे नाई."

मग हळूहळू निघालं. ती दवाखान्यात तापात पडली असताना फॅक्टरीचा एक माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, औषधाचा कागद आहे, अंगठा लाव. उजव्या हाताला पट्ट्या, म्हणून डावा धरून टेकवला. त्यावर लिहिलं होतं, "आग माझ्या चुकीनं लागली." तेच वाक्य पेपरात तिच्या तोंडी आलं होतं.

"आता कोण्याच कागदाले अंगठा नाई लावत मी. विचारा काय विचारता त. तसंच सांगते."

ती तसंच सांगायला तयार होती! मी पेन उघडलंसुद्धा. आणि वत्सलाताई उठून उभी राहिली. "नाही यमुनाबाई. कागदाशिवाय आम्ही घेत नाही. तुमचा विचार बदलला तर या."

मी परतीच्या रस्त्यावर तिच्याशी इतकी भांडले की सीताबर्डीच्या पुलावर लोक थांबून बघायला लागले.

"नियम कुणासाठी आहे? तिच्यासाठीच ना? मग तिलाच दाराबाहेर ठेवतो तो नियम कसला?"

वत्सलाताई म्हणाली, "माझे बाबासुद्धा 'तसंच' बोलले होते."

"ती स्वतः बोलायला तयार आहे!"

"आज तयार आहे. उद्या फॅक्टरीचा वकील विचारेल, बाई, हे तू बोललीस कशावरून? तेव्हा तिच्या हातात काय असेल? पहिला कागद त्यांच्याकडे आहे, कुंदा. दुसरा तरी तिच्याकडे नको?"

समोरच्याचं पटलं की मला फार राग येतो. मी सायकलला टांग मारून पुढे निघून गेले.

*

पुढचा अंक शांताच्या मुलाखतीवर उभा होता. पहिल्या पानावर, पूर्ण उभा कॉलम. बबनमामांनी स्वतःच्या हातानं शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवला होता. मशीन सुरू करायचं, तेवढ्यात छापखान्याच्या दारात शांता. हातात कागदाचे दोन तुकडे.

"फाडला जी. घरचे मनतात, तुलेबी काढतीन कामावरून. मले माफ करा."

ती रडत होती. माझ्या तोंडात आलं होतं, की अगं, छापायलाच बसलोय, आता कुठे! पण वत्सलाताईनं काहीही न बोलता फाईल उघडली, आमची कार्बनची प्रत काढली आणि शांताच्या समोर फाडली. मग बबनमामांना म्हणाली, "मामा, कॉलम सोडा."

बबनमामांनी आमच्या तिघांच्या खानदानाचा उद्धार केला. "पोट्टेहो, दोन दिवस डोळे फोडले म्या! काहून सोडू? तिले कुठं वाचता येते का छापलं म्हणून?"

शांता हळूच म्हणाली, "येते जी. तिसरी पास आहो."

मामांनी खिळे सोडले.

मशीनवर आता पहिल्या पानाला मोठं भगदाड. शेषराव म्हणाला, सोनाराची जाहिरात घालू. वत्सलाताई म्हणाली, काही घालायचं नाही. आणि अंक तसाच निघाला. कॉलम कोरा, आणि तळाशी एक ओळ: "इथली मुलाखत देणारीनं संमती परत घेतली. तो तिचा हक्क आहे."

लोकांनी टिंगल केली. एका मोठ्या पेपरातल्या ओळखीच्या माणसानं मला थांबवून विचारलं, "काय कुंदाबाई, शाई संपली?"

पण वस्तीत तो अंक हातोहात फिरला! ज्यांनी आमची एक ओळ कधी वाचली नव्हती त्यांनी तो कोरा कॉलम पाहिला. नळावर, पानठेल्यावर, जिनिंगच्या फाटकाशी एकच चर्चा: "फाडला त खरंच नाई छापत हे लोकं!" इतक्या अंकांत आम्ही जे लिहून पटवू शकलो नव्हतो ते कोऱ्या जागेनं पटवलं. माझी कॉलर अजून ताठ आहे त्या कॉलमवरून.

दुसऱ्या आठवड्यात शांता परत आली. सोबत आणखी दोघीजणी होत्या. तिनं कमरेचा बटवा सोडून कागद काढला. दोन्ही तुकडे शिजलेल्या भातानं चिकटवलेले. मधे एक शीत तसंच वाळलेलं.

"जोडला," ती म्हणाली. "आता छापा. काढतीन त काढतीन."

वत्सलाताई म्हणाली, "नवीन कागद करू या, हा फाटलेला आहे."

"नाई, हाच. माह्यावाला हाय तो."

बबनमामा आतून ओरडले, "आता फाडला त म्या तुह्या घरी येऊन छापीन वं!"

*

आणि त्या दोघींपैकी एकीनं निरोप आणला, "यमुनामावशीनं बोलावलं. कागदबी आणा म्हणते."

आम्ही गेलो. या वेळी उंबऱ्यात गर्दी. शेजारच्या बाया, लेकरं, तो छपरावरचा म्हातारासुद्धा. यमुनाबाई मध्ये बसलेली. समोर वाटीत तेलात कालवलेली काजळी.

वत्सलाताईनं कागद वाचायला घेतला. यमुनाबाईनं हात वर केला.

"थांब वं बाई. तो मंग. आधी माह्यावाला लिव."

"तुमचा?"

"लिव. यमुनाबाई जे सांगन तेच आमी लिवू. तिले वाचून दाखवू. तिनं नाई म्हटलं त फाडू. आन् याच्यात लबाडी केली त आमचं तोंड काळं."

मी लिहिलं. शेवटच्या वाक्याला वत्सलाताईच्यातली वकील किंचित दचकली, पण मी जसंच्या तसं लिहिलं.

"आता अंगठे द्या तिघंबी."

मी म्हटलं, "आम्ही सही करतो ना."

"सही नाई. सही करणाराईनंच फसवलं मले. अंगठा."

एल. एल. बी., एम. ए. आणि होऊ घातलेला बी. एस्सी. असे तीन अंगठे त्या काजळीत बुडाले आणि कागदावर उमटले. बाया टाळ्या पिटत होत्या. म्हातारा आमच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आता यायचं झालं!" यमुनाबाईनं कागद फुंकून वाळवला, घडी घातली आणि चोळीत ठेवला. तिच्या तोंडावर त्या दिवशी जे होतं ते मला कुठल्या पदवीदान समारंभात दिसलं नाही.

मग ती म्हणाली, "आण आता तुहा." वत्सलाताईनं कागद पुढे सरकवला आणि सवयीनं तिचा डावा हात धरायला गेली. यमुनाबाईनं तो मागे घेतला.

"तो त्यायनं नेला. हा घे."

तिनं आखडलेला उजवा हात दुसऱ्या हातानं उचलून काजळीत टेकवला. कागदावर रेषा उमटल्या नाहीत. भाजलेल्या कातडीचा नुसता काळा ठिपका उमटला. कार्बननं तो उतरला नाही, म्हणून आमच्या प्रतीवर तिनं पुन्हा उमटवला; आमच्या फायलीत तो आहे. मुकादमाच्या सहीच्या शेजारीच ठेवलाय मी, मुद्दाम.

मग ती बोलली. आम्ही ते वाचून दाखवलं, तिनं दोन ठिकाणी दुरुस्त करून घेतलं, आणि शांताच्या मुलाखतीसोबत सगळं छापलं.

*

छापल्यावर गप्प राहणं सरकारला जमेना. साहेबांच्या ऑफिसात चौकशी बसली. यमुनाबाईची साक्ष व्हायची होती. आग तिनं लावली की नाही, हे तिथंच ठरणार होतं. एकदाचं, सरकारी कागदावर.

टेबलामागे साहेब. एका बाजूला फॅक्टरीचा वकील, त्याच्यापुढे दवाखान्यातला तो डाव्या अंगठ्याचा कागद. दुसऱ्या बाजूला वत्सलाताई. मी आणि शेषराव भिंतीला चिकटून. दाराशी किसनजी.

यमुनाबाईनं उभ्यानं सगळं सांगितलं. कडी, पट्टा, ठिणगी, पत्रा. वकिलानं विचारलं, "मग या कागदावर अंगठा कुणाचा?"

"माहा. पण अक्षर कोनाचं?"

वकील खाली बसला. कारकून लिहीत होता. लिहून झाल्यावर साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. "हं, लाव इथे अंगठा."

"वाचा आधी."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, वत्सलाताईकडे पाहिलं, आणि वाचलं. "...दार बाहेरून बंद असावे असे वाटते..."

"वाटते नाई. बंद होतं. कडी होती."

कारकुनानं खोडलं, पुन्हा लिहिलं. साहेबांनी पुन्हा वाचलं. या वेळी यमुनाबाईनं मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, झालं!

यमुनाबाई जागची हलली नाही.

"आता तुमी द्या आधी."

"काय?"

"अंगठा. मी सांगतलं तेच लिवलं, आन् मंग बदलवणार नाई, म्हणून. ह्या तिघायनं देला." तिनं चोळीतून घडी काढून टेबलावर उलगडली. आमचे तीन काळे अंगठे साहेबांच्या काचेवर पसरले.

साहेब हसले. कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबले. "अहो बाई, मी खाली करतो ना माझी..." आणि त्यांचं पेन त्या कोंबडीच्या पायाकडे निघालं.

"ते नाई," यमुनाबाई म्हणाली. "अंगठा."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. ती त्यांच्याकडे. तिचा आखडलेला हात टेबलाच्या कडेवर होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

दाराशी हालचाल झाली. किसनजी पुढे आला, त्यानं स्टँपपॅडचं झाकण उघडलं, पॅड साहेबांसमोर सरळ ठेवलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, डाव्या हाताचा लागते."